नावानं आंघोळ

ज्या नदीत पोहायला शिकलो ती एकदा डोळे भरून बघायची, असा ऐंशी उलटलेल्या दत्तोबांनी हट्टच धरला. अखेर नातसून शेफाली त्यांना वाघोलीहून जुन्या गावाच्या नदीकाठाशी घेऊन आली.

ती गाडी लावते तोवर दत्तोबा काठी टेकत उतारावरून खाली पोचलेसुद्धा. समोर हिरवंगार रान पसरलं होतं, वर जांभळी फुलं डुलत होती. नदी पलीकडे सरकली असणार, असं समजून त्यांनी रानात पाय टाकला.

पाय आत गेला. मागोमाग दुसरा. बघता बघता ते छातीपर्यंत बुडाले. हाताला लागेल तो पाला धरला, तर तोही त्यांच्याबरोबर खाली जाऊ लागला.

"आबा, हलू नका!" शेफालीने काठावर पालथं पडून ओढणी फेकली आणि जिवाच्या कराराने त्यांना बाहेर ओढलं.

"ते रान नाही, आबा," ती धापा टाकत म्हणाली. "जलपर्णी आहे. एका रोपाला दुसरं फुटत फुटत पार पलीकडच्या काठापर्यंत पसरलीये. ही आपली नदीच आहे."

दत्तोबांनी अंगाला चिकटलेला पाला झटकला.

 

"नदी गेली म्हणून घरीच सांगायचं हुतंस, पोरी. तिच्या नावानं आंघोळ केली असती."