एकूण एक नोंद

वाचनालयाचा डेटाबेस अकरा वर्षं मीच सांभाळला. परवा ती फाइल सारखी अडकायला लागली, तर सहा महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीनं नवी कोरी फाइल उघडली आणि जुनीतलं सगळं तिच्यात इम्पोर्ट करून टाकलं. अर्ध्या तासात!

"जादू आहे हिच्या हातात," ग्रंथपाल सर सगळ्यांदेखत म्हणाले. झालं, माझ्या पोटात दुखायला लागलं.

"बघ हो, काही राहिलं असेल," मी खोचकपणे म्हटलं.

ती माझ्या कानाशी वाकली. "काही नाही राहिलं, ताई. 'सरांनी केलेलं हिचं कौतुक' ही तुमची यादीसुद्धा आलीये, अगदी तारीखवार."



"आजची नोंद मीच करून टाकली, ताई."