दुरुस्ती व देखभाल

"बाई, पगार तेवढाच आहे. नुसतं लेखाशीर्ष बदललंय," शाळेचे क्लार्क पाष्टे म्हणाले.

मुख्याध्यापिका गावंडबाईंनी यंदाचं अंदाजपत्रक पुन्हा वाचलं. बावीस वर्षांपूर्वी त्या रुजू झाल्या तेव्हा शाळेचा बहुतेक खर्च शिक्षकांच्या पगारावर व्हायचा. आता तो कानयंत्रांच्या भाड्यावर जात होता. प्रत्येक मुलाच्या कानात त्याचा स्वतःचा, कधीच न चुकणारा गुरुजी बोलायचा. खडूंपुढे अकरा वर्षं शून्य होतं. उरलेल्या एकुलत्या एक शिक्षिकेकडे, म्हणजे खुद्द बाईंकडेच, यंत्रं चार्ज करायचं काम, म्हणून जिल्ह्याच्या संगणकाने बाईंचा पगार 'दुरुस्ती व देखभाल'मध्ये टाकला होता.

"सही करताय ना?"

"थांबा जरा." बाईंनी कपाटाच्या तळातून खडूचा एक तुकडा शोधून काढला आणि त्या तरातरा पाचवीच्या वर्गात गेल्या. चाळीस मुलं आपापल्या कानातलं ऐकत गप्प बसली होती. बाईंनी जुन्या फळ्यावर भलंमोठं लिहिलं: ७ × ८ = ५४.

मुलं बघतच राहिली. शिकवणारं कुणी चुकलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग पहिल्या बाकावरच्या मनवाने कानयंत्र काढलं.

"बाई, छप्पन्न!"

"कशावरून?"

"अहो, सात सत्ते एकोणपन्नास, त्यात अजून सात..."

"मी सांगतो, मी!" मागून कुणी ओरडलं, आणि वर्गात एकच गलका झाला.

बाईंनी परत येऊन सही ठोकली.

"लेखाशीर्ष अगदी बरोबर आहे, पाष्टे. दुरुस्तीला आजच हात घातलाय. फक्त सामानात दहा पेट्या खडू लिहा."