कोटाचा मान

"हात वर करा," मुलगी म्हणाली. बाबांनी हात वर केले आणि नवा कोट अंगावर चढला.

त्यांनी बोटांनी बटणं पाहिली, शिवण पाहिली, कॉलरची कड पाहिली. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाचं पाहणं असंच असतं.

"रंग कुठला?"

"गडद निळा. साहेबलोक घालतात तसा."

"पहिला पगार यात घातलास. नोकरी कसली ते मात्र सांगत नाहीस."

"सांगितलं की. उभं राहायची."

"म्हणजे दुकानात."

मुलगी खाली बसून त्यांच्या बुटांना पॉलिश लावू लागली.

बाबा वेताच्या खुर्च्या विणायचे. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने त्यांना कामासाठी बोलावलं होतं. दोनदा ते गेले, आणि दोन्ही वेळा दरवानाने हातावर नाणं टेकवून त्यांना फाटकाबाहेर काढलं. हातात काठी, अंगात विटका सदरा, खांद्यावर वेताची मोळी. व्यवस्थापकाचं नाव सांगितलं तर दरवान हसला होता. आज शेवटची संधी होती. उद्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची ऑर्डर जाणार होती.

"सोडायला येऊ?"

"नको. लेकीचा हात धरून आलेल्याला लोक काम देत नाहीत, दया देतात. एकटाच जातो."

"बरं. मग मीही माझ्या कामाला लागते," मुलगी म्हणाली.

चौकात एरवी हॉर्न अंगावर धावून यायचे. आज बाबा कडेला थांबले आणि गाड्या एकामागून एक थांबल्या. पलीकडचा फळवाला रोज 'बघून चाल' म्हणून ओरडायचा. आज त्याने हातगाडी मागे ओढल्याचं ऐकू आलं.

"जा, जा, सावकाश जा," तो म्हणाला.

बसमध्ये पाय ठेवताच कुणीतरी झटकन उठलं. "बसा काका." कंडक्टर तर चक्क हळू आवाजात बोलत होता. कुणी हातावर नाणं ठेवलं नाही.

उतरल्यावर मागे कुणाचे तरी नवे बूट करकरत होते. आज आपल्यासारखीच आणखी कुणाची तरी चैन झालेली दिसते, असं वाटून बाबा मनाशी हसले.

फाटकाशी आल्यावर मात्र ते थबकले. दरवानाचं स्टूल खरडलं. तो उभा राहिला होता.

"या साहेब, या. पुढे पायरी आहे, सांभाळून."

तोच आवाज. तोच माणूस. बाबांनी कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली. कापड आणि दोरा, दुसरं काही नाही. एवढ्याशा गोष्टीने अख्खं शहर बाजूला सरतं?

आत व्यवस्थापकाने एक फाटकी खुर्ची पुढे केली आणि दार लावून घेतलं. बाबांनी बैठकीचा कोपरा विणून दाखवला. व्यवस्थापकाने वीण ओढून पाहिली, मग स्वतः तिच्यावर बसून पाहिलं.

"सगळ्या खुर्च्या तुमच्याकडे," तो म्हणाला. "इतके दिवस होतात कुठे?"

"तुमच्या फाटकाबाहेर," बाबा म्हणाले.

घरी आल्यावरही त्यांनी कोट काढला नाही. थोड्या वेळाने मुलगी आली. बूट तिने बाहेरच काढले होते.

"आज लवकर सुटलीस?"

"तुमच्या मागोमागच आले. काय झालं?"

बाबांनी सगळं सांगितलं. गाड्या, बस, दरवान. दरवानाचं दोनदा सांगितलं. मग कोट काढून, चुरगळू न देता, तिच्या हातात दिला.

"मला वाटायचं, लोकांनाच दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. पण त्यांना तर नुसते कपडे दिसतात गं. तूही स्वतःसाठी एखादा चांगला कपडा घे. मग बघ लोक कसे वागतात."

"बघितलं, बाबा," मुलगी म्हणाली. तिने कोट खुंटीला लावला, डोक्यावरची पोलिसाची टोपी काढली आणि आवाज न करता शेजारच्या खुंटीवर अडकवली.