निळ्या कापडाची खूण

“नेटवर्क म्हणजे काय, हे अगदी पहिल्यापासून सांगणारं पुस्तक आहे का? सोप्या भाषेतलं हवं.”

ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. कॉलेजच्या ग्रंथालयात अशी मागणी पहिल्या वर्षाची मुलं करतात. समोर उभ्या होत्या पन्नाशीच्या एक बाई. शिवणकामावरून तशाच उठून आल्या असाव्यात, कारण मापाची टेप गळ्यातच होती.

“कुणासाठी हवंय?”

“माझ्यासाठी. माझी मुलगी इथे कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे.” बाईंनी आवाज खाली आणला. “तिनं प्रश्नपत्रिका चोरली म्हणतात.”

ते प्रकरण सगळ्यांना माहीत होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणीतरी कॉलेजच्या वायफायवरून परीक्षा विभागाच्या कॉम्प्युटरात शिरलं होतं. नोंदीत मुलीचं नाव निघालं. कुठल्या यंत्रावरून हे झालं त्याचा लांबलचक क्रमांकही खाली छापलेला होता, पण नाव मिळाल्यावर त्याकडे कोण बघतंय! तीन आठवड्यांनी समिती बसणार होती. दोषी ठरली तर मुलीचं नाव कॉलेजातून कमी होणार, आणि चार वर्षं पाण्यात.

“तुमचं शिक्षण?”

“दहावी. पण मला मशीन कळतं. शिलाईमशीन पूर्ण उघडून मीच परत बसवते, कारागिराला हात लावू देत नाही.”

ग्रंथपालांनी मान हलवली आणि खिडकीजवळची खुर्ची दाखवली. पालकांना बसून वाचायला मनाई नव्हती. चार दिवसांत कंटाळतील, असा त्यांचा होरा होता.

बाई कंटाळल्या नाहीत. रोज दहाच्या ठोक्याला यायच्या, वही उघडायच्या आणि एकेका शब्दाच्या हात धुऊन मागे लागायच्या. कळलं नाही तर पान तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. उठताना पानात निळ्या कापडाची पट्टी खूण म्हणून ठेवायच्या. पानाचा कोपरा त्यांनी एकदाही दुमडला नाही. दुमडलेल्या कोपऱ्यांवरून उभा जन्म ओरडण्यात गेलेल्या ग्रंथपालांना तिथेच त्यांनी जिंकलं.

दुसऱ्या आठवड्यात त्या टेबलाशी आल्या.

“हा यंत्राचा क्रमांक असतो ना, तो नक्की कुठे असतो हो?”

ग्रंथपालांनाही ते ठाऊक नव्हतं. दोघांनी मिळून तीन पुस्तकं पालथी घातली तेव्हा सापडलं. लॅपटॉपच्या आत वायफायचं छोटंसं कार्ड असतं, त्यातच तो क्रमांक असतो. कारखान्यातून येतानाच घातलेला, दर कार्डाचा वेगळा.

“अहो, मग समितीला सांगा की, लॅपटॉपच तपासा म्हणावं!” ग्रंथपाल जवळजवळ ओरडलेच.

“शूऽऽ!” मागच्या टेबलावरची मुलं एका सुरात म्हणाली. मुलांनी ग्रंथपालांचं टोपणनावच ‘शू’ ठेवलं होतं, आणि आज त्यांना आयती संधी मिळाली होती.

“सांगणारच आहे,” बाई म्हणाल्या. मग बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

सुनावणीच्या दोन दिवस आधी त्यांनी एक पुस्तक घरी न्यायला मागितलं. लॅपटॉपच्या देखभालीचं आणि दुरुस्तीचं.

“माझा जुना लॅपटॉप अडखळतोय. ब्लाउजची डिझाइनं त्याच्यावरच बघते मी.”

बाहेरच्यांना पुस्तक घरी देत नाहीत. ग्रंथपालांनी ते स्वतःच्या नावावर लिहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी मोडलेला हा पहिलाच नियम.

सुनावणीत इतिवृत्त लिहायचं काम त्यांच्याकडेच आलं. मुलगी मान खाली घालून बसली होती. बाई उभ्या राहिल्या आणि अजिबात न अडखळता त्यांनी क्रमांकाचं सगळं समजावून सांगितलं. नेटवर्क शिकवणाऱ्या सरांनी मुलीचा लॅपटॉप उघडून पाहिला.

“हा क्रमांक नोंदीतला नाही,” ते म्हणाले.

ग्रंथपालांना आनंद आवरेना. लिहिता लिहिता त्यांची ओळ वाकडी झाली.

“मग तो क्रमांक आहे तरी कुणाचा?” प्राचार्यांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून स्वतःचा जुना लॅपटॉप काढला. “हाही तपासा.”

सरांनी एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. “तोच आहे. क्रमांक कार्डातच असतो, त्यात शंका नको.”

“मी केलं,” बाई म्हणाल्या. “पोरगी दोनदा नापास झाली होती, मला बघवेना. तिचा पासवर्ड मला माहीत होता. ती घरी विसरलेली फाइल द्यायला आले, तेव्हा जिन्यात बसून केलं.”

“आई, नको ना...”

“तू गप्प बस.”

प्राचार्यांनी खोदून खोदून विचारलं. कसं शिरलात, कुठून शिरलात, काय उतरवून घेतलंत. बाई एकाही प्रश्नाला अडल्या नाहीत. मुलगी सुटली. बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायचं ठरलं, आणि त्यांनी कबुलीवर ठळक, सरळ सही केली.

ग्रंथपालांचा चेहरा पडला होता. पहिल्यापासून सांगणारं पुस्तक हवं म्हणे! सगळं आधीच येत होतं की हिला. तीन आठवडे आपल्यासमोर अडाणीपणाचं सोंग घेतलं, आणि आपण खुळ्यासारखी पुस्तकं शोधत बसलो. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

जाताना बाईंनी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. “तुमच्या नावावर होतं. मुदतीत परत केलंय.”

ग्रंथपालांनी पुस्तक काखोटीला मारलं. बाईंकडे त्यांनी पाहिलंही नाही.

ग्रंथालयात परतल्यावर सवयीने त्यांनी पुस्तक उलटं धरून झटकलं. एक स्क्रू टेबलावर पडला. काळा, तांदळाच्या दाण्याहून बारीक. शिलाईमशीनला एवढा बारीक स्क्रू नसतो.

निळी पट्टी अजून पानांत अडकलेली होती. त्यांनी तिथे पुस्तक उघडलं. वर ठळक अक्षरांत प्रकरणाचं नाव होतं: ‘एका लॅपटॉपचे वायफाय कार्ड काढून दुसऱ्यात बसवणे’.