दोन दगडांमधली टोपली

ओढ्यातून टोपली उचलली तेव्हा कुठे कान्हाच्या लक्षात आलं, की ती ओढ्यात ठेवायचीच नव्हती.

काल दुपारी त्यानं कडूकंद उकडले, पातळ चकत्या केल्या, राखेत चोळल्या. इथवर सगळं बायकोनं, हौशीनं, सांगितलं तसंच. पुढचं काम तेवढं करायचं नव्हतं. कडूकंदातलं विष रात्रभर वाहत्या पाण्यात निघून जातं, हे पोशेरा गावातलं शेंबडं पोरही जाणतं. हौशीला ते विष स्वतःच्या ताटात हवं होतं. नंतर लोक म्हणाले असते, म्हातारा विसरला, बिचाऱ्याला धड दिसतही नाही. तर विसरायचं ठरलं होतं, आणि हा गडी नेमका विसरायचंच विसरला. संध्याकाळी पाय आपसूक ओढ्याकडे वळले. हातांनी टोपली दोन दगडांमध्ये धारेत बसवली, वर तिसरा दगड ठेवला. पन्नास वर्षांची सवय. हातांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

निदान कान्हा स्वतःला असं समजावत चढ चढला.

हौशी ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. सून मीनाकडून तिनं सकाळीच केस विंचरून घेतले होते, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती, आणि मग मीनाला नाचणी कापायला पिटाळलं होतं. पोटातल्या गाठीनं तिचं चिपाड झालं होतं. दवाखान्यानं हात टेकले होते, पण मुलगा टेकायला तयार नव्हता. मुकेश ठाण्याहून उद्या गाडी घेऊन येणार होता. आईला मुंबईला नेणार, नाकातून नळी घालणार. नळीवर माणूस महिनोन् महिने जगतं म्हणे.

हौशीला तसलं जगणं नको होतं, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. दुखायला लागलं की ती गोधडीचं टोक दातांत धरायची, आणि कान्हा ते रोज बघत होता. म्हणून तर तो हो म्हणाला. लग्न झाल्यापासून तिनं त्याच्याकडे मागितलेली ही तिसरी गोष्ट. पहिलं मागितलं चांदीचं कडं, ते झालंच नाही. दुसरं, दारू सोड. ती त्यानं सोडली, दहा वर्षं उशिरा.

त्यानं ताटलीत चकत्या काढल्या, मीठ भुरभुरलं आणि तिच्यापुढे ठेवलं. सांगून टाकावं असं एकदा मनात आलं. पण सांगायची गरज नव्हती. रानात कंद खणायला ती सात वर्षांची असल्यापासून जात होती, तिच्या जिभेला कोण फसवणार?

हौशीनं त्याला लांब जाऊन बस म्हणून खुणावलं. तो हलला नाही. तिनं डोळे मिटले, चकती तोंडात घातली आणि कडू चव यायची वाट पाहत राहिली. मग सावकाश चावली, गिळली आणि डोळे उघडले.

"धुतलास."

"हात गेले ओढ्यावर," कान्हा म्हणाला.

"हातांवर नको ढकलू. खरा सांग. तुना माझी कीव आली का तुझी?"

अंगणात कोंबडी माती उकरत होती. ती कुडाच्या दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा कान्हाला उत्तर सापडलं, आणि ते त्याला आवडलं नाही.

"माझी."

हौशीनं मान हलवली. तुझी म्हणाला असता तर तिनं ताटली अंगणात भिरकावली असती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. तिनं दुसरी चकती उचलली. चार दिवसांत तिच्या पोटात पेजेच्या पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि तिसरी घेतली.

मग तिनं चौथं मागणं मागितलं. मुकेशला फोन कर. मी हितंच राहीन म्हणावं. गाडी नको, नळी नको.

पोरगा शिकलेला, दहावी नापास का होईना, त्याच्या शब्दाबाहेर कान्हा कधी गेला नव्हता. आज गेला. मुकेश चिडला, रडला, आईला मारायची आहे का तुला, असंही बोलून गेला. कान्हानं ते निमूट ऐकून घेतलं. कालची दुपार आठवली, तेव्हा त्याला रागही येईना. तो एवढंच म्हणाला, की तू एकटा ये, दुखायचं थांबवणाऱ्या भारीतल्या गोळ्या डॉक्टरकडून आण, आणि आईजवळ बस.

फोन ठेवून, ओढ्यावर तोंड धुऊन तो आला तेव्हा हौशी आडवी झाली होती. गोधडीचं टोक तिच्या मुठीत होतं, अजून दातांत गेलं नव्हतं. तिनं त्याचा हात ओढला आणि पोटावर, दुखत होतं तिथं ठेवला. ओढ्याच्या पाण्यानं तो अजून गार होता. तिनं सुस्कारा सोडला. कान्हा तसाच वाकून बसला, कंबरेत कळ आली तरी हलला नाही. ही बाई गेल्यावर आपण कुणाशी भांडणार, असं त्याच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. हौशीनं ते पाहिलं.

ऊन ओटीवर चढलं तशी ती म्हणाली, "तापला हात. जा, भिजवून आण."

कान्हा उठला आणि रिकाम्या हातांनी ओढ्याकडे निघाला.