भीतीचा रकाना

झोक्यावरून पडून शर्वीच्या डोक्याला मार बसला होता. दवाखान्याच्या प्रयोगातल्या नव्या औषधाच्या पहिल्याच डोसाने सहा वर्षांच्या त्या पोरीची डोकेदुखी पळाली.

आज कुकरची शिट्टी झाली. एरवी कान झाकून आईला बिलगणारी शर्वी ओट्याशीच उभी राहिली. “आई, तीन झाल्या. गॅस बंद कर ना, वेंधळी कुठली!”

मृण्मयीने गॅस बंद केला. फोनवर तिने हे सांगताच प्रयोगाचा तक्ता भरणारी नर्स म्हणाली, “मॅडम, भीतीच्या रकान्यात ‘नाही’ लिहू? सुधारणाच की! उद्या दुसरा डोस.”

हसावं की रडावं, मृण्मयीला कळेना. तेवढ्यात शर्वीने तापलेल्या शिट्टीकडे हात नेला. मृण्मयीने तो झटकन धरला.

“सिस्टर, उद्याचा डोस नको!”

शर्वी कुतूहलाने बघत राहिली. “आई, तुझा हात का थरथरतोय?”