कलमाचा आकडा

बाबा गाडी घेऊन बाहेर पडले होते, तेव्हा तिने त्यांना सहज फोन केला होता. बोलता बोलता फोन मध्येच तुटला आणि तासाभराने ते अपघातात गेल्याची बातमी आली. आपल्याच फोनने त्यांचा घात केला, ही भीती तिने आईलाही कळू दिली नव्हती. तीन महिन्यांनी वाहतूक न्यायालयाची नोटीस आली. बाबांच्या नावावर त्याच दिवसाचा खटला होता, वेळही तिच्या फोनचीच, आणि गुन्ह्याच्या जागी नुसता कलमाचा आकडा.

आठवडाभर ती नोटीस पर्समध्ये घेऊन हिंडली. शेवटी मन घट्ट करून न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. कारकुनाने गठ्ठ्याची गाठ सोडली.

"घाबरताय कशाला, ताई? इथे येतो त्या प्रत्येकाचा सिग्नल हिरवाच असतो!"

तिला हसू आलं नाही. "हे कलम... गाडी चालवताना मोबाईलवर बोलण्याचं आहे का?" तिने नोटिशीतल्या आकड्यावर बोट ठेवलं.

कारकुनाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, दंडाच्या पावतीची कार्बन प्रत खिडकीच्या उजेडात धरली आणि पोलिसाचं गिचमिड अक्षर लावत सावकाश वाचलं.



"छे हो! मनाई असलेल्या जागी गाडी उभी केली, एवढंच. खाली शेरा आहे, 'चालक म्हणतो, लेकीचा फोन आला, म्हणून बाजूला थांबलो.'"